हेड कुणी घालवलं?



बऱ्याच दिवसांत इथं काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर गेले तीन आठवडे माझी बोटं कीबोर्डवर ठेवण्याच्या लायकीची नव्हती. नखांत काळं, तळहाताला डिझेलचा वास, आणि उजव्या अंगठ्याला पाना निसटून बसलेला ठोसा. पंचाहत्तरीला आलेल्या निवृत्त मास्तरानं हे उद्योग कशाला करावेत, असं आमच्या सौ.नी दिवसातून दोनदा विचारलं. मीही मनात विचारलंच. त्याचं उत्तर म्हणजे आजचा हा लेख.

तर झालं असं. आमच्या थोरल्या दादाची ॲम्बेसिडर घरामागच्या शेडमध्ये उभी आहे, हे घरच्या सगळ्यांना ठाऊक आहे. १९७७ सालची, मार्क थ्री, एके काळी पांढरी. दादानं ती टुरिस्ट टॅक्सी म्हणून घेतली आणि तिच्यावर घर चालवलं. दोन बहिणींची लग्नं तिच्यावर झाली, गावच्या घराला स्लॅब तिच्यावर पडला. दादा २०१८ मध्ये गेला. त्यानंतर गाडी महिन्यातून एकदा सुरू करून पुन्हा झाकून ठेवायची, एवढंच चाललं होतं. आता येत्या डिसेंबरात दादाच्या नातीचं लग्न आहे. ती पोरगी हट्टाला पेटली की, मांडवातून निघणार ते आजोबांच्या गाडीतूनच. मग तिचा बाप, म्हणजे माझा पुतण्या, कामाला लागला. तो शिरोलीच्या एमआयडीसीत मशीन शॉपवर आहे, लोखंडाशी बोलणारा माणूस. पण ॲम्बेसिडरचं इंजिन त्यानंही पूर्वी उघडलेलं नव्हतं. "काका, तुम्ही नुसती बॅटरी धरायला या," म्हणाला. बॅटरी म्हणजे टॉर्च हो!

या गाडीबद्दल थोडं सांगतो, म्हणजे तरुण वाचकांना पुढचं कळेल. ॲम्बेसिडर म्हणजे मुळात विलायतेतली मॉरिस ऑक्सफर्ड. तिसऱ्या मालिकेतली ती गाडी कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्यात बनू लागली १९५७ च्या सुमारास, आणि २०१४ च्या मे महिन्यात कारखान्यानं उत्पादन थांबवलं. आमच्या गाडीत आहे ते १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सीरिज' घराण्यातलं. चार सिलिंडर एका रांगेत. खाली ओतीव लोखंडाचा ब्लॉक, ज्यात पिस्टन वरखाली होतात. त्याच्यावर झाकणासारखं बसवलेलं, तेही ओतीव लोखंडाचंच, ते हेड. पेट्रोलची वाफ आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे आठ व्हॉल्व्ह या हेडमध्ये असतात. स्पार्क प्लगही यातच. आणि ब्लॉक व हेड यांच्यामध्ये चेपलेली असते एक पातळ पॅकिंग, हेड गॅस्केट. आत स्फोट, बाजूनं वाहणारं पाणी आणि तेल, या सगळ्यांना एकमेकांच्या घरात जाऊ न देण्याचं काम या पॅकिंगचं. वाड्यातल्या सामाईक भिंतीसारखं. भिंत पडली की शेजाऱ्यांची भांडणं!

आमच्या गाडीत तेच झालं होतं. सुरू केली की इंजिन थंडी भरल्यासारखं हलायचं. पुतण्यानं रबरी मुठीच्या पक्कडीनं प्लगच्या वायरी एकेक काढून बघितल्या. पहिली काढली, इंजिन आणखी लडबडलं. चौथी काढली, तसंच. पण दुसरी काढली काय आणि तिसरी काढली काय, इंजिनला काही फरकच पडेना. म्हणजे ती दोन सिलिंडर कामच करत नव्हती. दोन शेजारी एकदम संपावर गेले की मधली भिंत बघायची, असा नियम. रेडिएटरचं झाकण उघडून ठेवलं तर पाण्यात बुडबुडेही येत होते. "हेड उतरवावं लागणार," पुतण्या म्हणाला.

हे वाक्य ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. का, ते पुढं सांगतो.

हेड उतरवणं म्हणजे फार अक्कल लागते असं नाही, पण फार शिस्त लागते. (मास्तरांचं काम, म्हणून मला आवडलं.) आधी बॅटरीची वायर काढली, इथं खरी बॅटरी. मग पाणी सोडलं. रेडिएटरच्या खालचा नळ उघडला तरी ब्लॉकमधलं सगळं पाणी निघत नाही, त्याला वेगळा नळ आहे. तो गंजून बसला होता, तारेनं कोरल्यावर तांबडं पाणी आलं, आमच्या पंचगंगेला पावसाळ्यात येतं तसं. मग एअर क्लीनर, कार्बोरेटर, ॲक्सिलरेटरची दांडी, चोकची तार, वरचा होजपाइप. पुतण्या काढत होता आणि मी प्रत्येक वस्तू जुन्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडून शेजारी पेननं नाव लिहीत होतो. मॅनिफोल्डच्या खाली सायलेन्सरचा पाइप जोडलेला असतो, तिथले नट चाळीस वर्षांच्या उष्णतेनं एकजीव झालेले. त्यांच्यावर डिझेल आणि तेल ओतून रात्रभर भिजत ठेवले. घाई करून पाना लावला तर बोल्ट तुटतो आणि मग एका तासाच्या कामाचे दोन दिवस होतात.

इथं एक गंमत झाली. पुतण्याकडची सगळी अवजारं मिलिमीटरची. ही गाडी विलायती वळणाची, तिला इंची पाने लागतात. एखादा मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात. शेवटी डिकीतल्या पत्र्याच्या डब्यात दादाचे पाने सापडले. प्रत्येकाच्या मुठीला वेगळ्या रंगाचा दोरा गुंडाळलेला. दादा सातवी शिकलेला. त्याला इंचाचे अपूर्णांक पटकन वाचता येत नसत, म्हणून लाल, हिरवा, पिवळा. मला बी.ए.ला शिकवणारा हाच माणूस. असो.

नंतर टॅपेट कव्हर. वर दोनच नट, ते काढले की पत्र्याचं कव्हर हातात येतं. आत रॉकर शाफ्ट, व्हॉल्व्हना आळीपाळीनं दाबणारे आठ हात असलेला दांडा. हा दांडा चार खुरांवर उभा असतो. आणि इथं एक मेख आहे. हेडचे एकूण अकरा नट. त्यातले चार या रॉकरच्या खुरांवरून जातात. त्यामुळे रॉकर काढताना हेडचेच चार नट सैल होतात, आणि बाकीचे सात तसेच कडक राहिले तर हेड वाकडं होऊ शकतं. म्हणून सगळे अकराही नट थोडे थोडे, एकेक पाव आटा, क्रमानं सैल करायचे. सुरुवात टोकांकडून, शेवट मध्यावर. बसवताना बरोबर उलटं, मध्यावरून टोकांकडं. मी क्रमांक वाचत होतो आणि पुतण्या पाना फिरवत होता. शाळेतल्या कवायतीची आठवण झाली.

मग आठ पुश रॉड. या सळ्या खालच्या टॅपेटवर टेकलेल्या असतात आणि तेलामुळे चिकटून बसतात. सरळ ओढल्या तर टॅपेटही वर येऊन भलतीकडं पडायची भीती. म्हणून सळी बोटांत धरून गोल फिरवायची, सुटली की मग वर घ्यायची. जी सळी ज्या जागेवर झिजली, तिनं पुन्हा त्याच जागी जायचं असतं. मी बुटांच्या खोक्याला आठ भोकं पाडून हजेरी क्रमांक घातले आणि एकेकीला जागेवर बसवलं. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, पण वर्ग भरवायची खोड जात नाही.

अकरा नट निघाले, तरी हेड जागचं हलेना. अशा वेळी माणसाला वाटतं, फटीत स्क्रू ड्रायव्हर घालावा आणि हाणावा हातोडा. ते करायचं नाही. ओतीव लोखंड दिसतं दणकट, पण फटीत असा एक ओरखडा पडला की नवीन पॅकिंगही तिथून गळतं. पुतण्या अडला. आणि मंडळी, इथं मला, फक्त मला, उपाय ठाऊक होता. "प्लग तसेच राहू देत," म्हटलं. "हँडल मार."

जुन्या गाड्या पुढून हँडल मारून सुरू करता येत, आठवतं ना? पुश रॉड काढलेले असले की सगळे व्हॉल्व्ह बंद राहतात. प्लग जागेवर असले की हवेला वाट नाही. हँडल फिरवलं की पिस्टन वर येताना दाबलेली हवाच हेडला खालून ढकलते. चौथ्या फेऱ्याला 'फस्स' असा आवाज आला आणि हेड सुटलं. पुतण्या माझ्याकडं बघतच राहिला. "काका, हे तुम्हाला कसं माहीत?"

"बघितलं होतं एकदा," म्हणालो.

१९८६ साली बघितलं होतं. याच गाडीचं, याच शेडमध्ये. दादा हँडल मारत होता, कोपऱ्यावरचे मिस्त्री कान लावून ऐकत होते आणि मी ओसरीवर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो होतो.

दोघांनी मिळून हेड सरळ वर उचललं, तिरकं केलं तर खालच्या स्टडवर अडकतं. लाकडी पाटावर उलटं ठेवलं. पॅकिंग दोन आणि तीन नंबरच्या मध्ये जळून काळं पडलेलं, अगदी बोटाएवढी जागा. हे होतं तेही बहुधा इथंच. या इंजिनात एक आणि चारला धूर सोडायला स्वतंत्र वाट आहे, पण दोन आणि तीनला मिळून एकच. त्यामुळे मधला भाग सगळ्यात जास्त तापतो. (जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ते कोरडं खरवडू नये, फुंकर तर मुळीच मारू नये. ओलं करून, तोंडाला फडकं बांधून काढावं. कुणी प्रयोग करणार असाल तर लक्षात ठेवा.)

पुतण्यानं हेडचा चेहरा साफ केला, त्यावर पोलादी सरळपट्टी उभी धरली आणि मला पलीकडून टॉर्च मारायला सांगितला. पट्टीच्या खालून, मधोमध, उजेडाची बारीक रेघ दिसली. हेड वाकलेलं होतं. मग त्यानं व्हर्नियर काढून कुठं कुठं मोजलं आणि म्हणाला, "हे आधी एकदा बरंच फेस केलंय. म्हणजे पूर्वी कधीतरी हे हेड जबरदस्त तापलंय. पप्पा सांगायचेच की, त्या ड्रायव्हरनं हेड घालवलं म्हणून."

आमच्या घरातल्या मंडळींना हे वाक्य काही नवीन नाही. कुणी दूध उतू घालवलं, कुणी परीक्षेत नापास झालं, कुणी ठरलेलं लग्न मोडलं, की आपल्याकडं म्हणायची पद्धतच आहे, 'घालवलं बघ हेड, त्या ड्रायव्हरासारखं!' नातवंडंसुद्धा म्हणतात. त्यांना तो ड्रायव्हर कोण, हेड म्हणजे काय, काहीच माहीत नाही. एकोणचाळीस वर्षं मीही त्या हसण्यात हसत आलो.

टॉर्च माझ्या हातात होता. पुतण्या पाठमोरा होता. गप्प बसलो असतो तर काहीच झालं नसतं. पण ती उजेडाची रेघ तिथंच दिसत होती. मी म्हणालो, "ड्रायव्हरनं नाही घालवलं. मी घालवलं."

आता तुम्हा सगळ्यांना सांगतो.

मे १९८६. आमच्या शाळेतल्या एका शिक्षकाचं लग्न रत्नागिरीला होतं. दादाकडून गाडी मागून घेतली. चार सहकारी बरोबर. मी गाडी शिकून वर्षच झालेलं, त्यामुळे तोरा मोठा. दादानं निघताना सांगितलं होतं, "घाट चढायच्या आधी पाणी बघ. सुई वर गेली तर थांब." जाताना सगळं ठीक. परतताना भर दुपारी साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो. पाणी बघितलं नव्हतं. निम्म्या घाटात सुई चढायला लागली. मागं बसलेला एकजण म्हणाला, "मास्तर, बैलगाडी बरी होती की!" सगळे हसले. मला थांबायची लाज वाटली. म्हटलं, माथ्यावर पोचू आणि मग थांबू. माथा यायच्या आधी इंजिनच्या झाकणातून वाफ यायला लागली.

मग मी दुसरी चूक केली, पहिलीपेक्षा मोठी. इंजिन थंड व्हायची वाट बघायची सोडून फडकं टाकून रेडिएटरचं झाकण उघडलं. उकळतं पाणी उसळून मनगटावर आलं. आणि तशा तापलेल्या लोखंडात झऱ्याचं गार पाणी घागरीनं ओतलं. ओतीव लोखंड एकीकडं तापलेलं, एकीकडं अचानक गार झालं की वाकतं, कधी तडकतंही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही. दादानं शिकवताना सांगितलेलं होतं. दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली, घरापर्यंत आली. रात्री मी गुपचूप पाणी भरलं, पुसून शेडमध्ये लावली. मनगटाचं विचारलं तर सांगितलं, लग्नात चहा सांडला. तो डाग अजून आहे. घरात सगळे त्याला 'चहाचा डाग'च म्हणतात.

तीन दिवसांनी दादाचा ड्रायव्हर पंढरपूरचं भाडं घेऊन गेला. मिरजेच्या पुढं गाडी पांढरा धूर सोडायला लागली आणि बंद पडली. तेलात पाणी शिरून त्याची दुधासारखी फेसकट मलई झालेली. गाडी ओढून आणली. मिस्त्रींनी हेड उतरवलं, उद्यमनगरातून फेस करून आणलं, नवीन पॅकिंग घातलं. दादा भयंकर संतापला होता. ऐन लग्नसराईत गाडी आठ दिवस बंद. "पाणी न बघता गाडी हाणलीस," म्हणून त्यानं ड्रायव्हरला काढलं आणि त्याचा थकलेला दोन महिन्यांचा पगार, नऊशे रुपये, खर्चात धरून घेतला. तो पोरगा पंचविशीचा असेल. शेडच्या दारात उभा राहून तो काहीतरी बोलत होता. मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होतो. एकही ओळ वाचली नाही, पण वर्तमानपत्र खाली केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग महिन्यानं सांगू म्हटलं. जूनमध्ये शाळा सुरू झाली. मग ते सांगण्यासारखं उरलंच नाही, असं मी स्वतःला समजावलं. पुढं बावीस वर्षं मी वर्गात पोरांना विचारत राहिलो, "खिडकीची काच कुणी फोडली? खरं सांगेल त्याला मारणार नाही."

पुतण्यानं सगळं ऐकून घेतलं. काही बोलला नाही. हेडवर गोणपाट टाकलं, हात पुसले आणि म्हणाला, "आईला सांगा." वहिनींना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. बराच वेळ निवडतच राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, तो माणूस आहे अजून. जाऊन या त्याच्याकडं."

पन्हाळ्याच्या पायथ्याला त्याचं गाव. पुढं तो ट्रकवर होता, आता पोराच्या हाती ऊस देऊन घरी असतो. मी जायच्या आधी हिशेब केला. नऊशे रुपये, सात टक्के चक्रवाढ, एकोणचाळीस वर्षं... साधारण बारा हजार सहाशे होतात. पाकिटात घालून गेलो. त्यानं मला ओळखलं. सोप्यात बसवलं, पाणी दिलं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, पाठ केलेलं भाषण म्हणावं तसं.

तो म्हणाला, "मला तवाच ठावं हुतं, मास्तर."

मी बघतच राहिलो.

"भाड्यावर निघताना झाकण उघडून पानी बघितलं की मी. रोज बघायचो. आदल्या आठवड्यात तांबडं हुतं आन् त्या दिवशी निवळसंख. कुनी बदाललं म्हनून म्या दादास्नी इचारलं. गाडी माझ्याआधी तापलीया, म्हनलं."

"मग?"

"दादा म्हनले, माझा भाऊ शाळंत पोरांस्नी खरं बोलायला शिकीवतो. त्येचं नाव घिऊ नगंस."

शेडच्या दारात उभा राहून तो जे काही बोलत होता, ते हे होतं. दहा पावलांवर होतो मी.

मी पाकीट पुढं केलं, हिशेब सांगितला. त्यानं नोटा काढून मोजल्या, दोनदा मोजल्या आणि बायकोला हाक मारून आत ठेवायला दिल्या. 'कशाला, कशाला' काही म्हणाला नाही. मला बरं वाटलं. तो म्हणाला असता तर मला तिथं जास्त वेळ बसवलं नसतं. मग चहा आला. चहा पिताना त्यानं विचारलं, "दादा कुटं असत्यात आता?"

"दादा गेला. सात वर्षं झाली."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हंजी त्यास्नी कळलं न्हाईच."

नाही कळलं. मंडळी, हेच लिहायला मला तीन आठवडे लागले. नऊशेचे बारा हजार सहाशे करता येतात, त्याला कोष्टक आहे. पण दादा त्याच्या मनात त्या माणसाला खोटा आणि मला खरा ठरवून गेला. माझ्यावरच्या विश्वासापायी त्यानं एका गरिबावर अन्याय केला, आणि तो अन्याय होता हे त्याला कधी समजलंच नाही. ते आता कुठल्याच हिशेबात बसवता येत नाही. निघताना नातीच्या लग्नाची पत्रिका दिली. तो येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही. पत्रिका नीट घडी करून खिशात ठेवली.

हेड उद्यमनगरातून फेस होऊन आलं. या वेळी पुन्हा थोडंसंच लोखंड काढता आलं. पुतण्या म्हणाला, यापुढं तापलं तर नवीन हेडच शोधावं लागेल. व्हॉल्व्हना पेस्ट लावून काडीनं गोल घासत बसायचं काम माझ्याकडं होतं, दोन दुपारी गेल्या. स्टड पुसून, नवीन पॅकिंग घालून हेड सरळ खाली उतरवलं. खोक्यातून एकेक पुश रॉड तिच्या जागी गेली. मी क्रमांक वाचले आणि पुतण्यानं टॉर्क पान्यानं अकरा नट मध्यावरून टोकांकडं तीन फेऱ्यांत आवळले. टॅपेटची फट फीलरनं लावली. पाणी भरलं. पहिल्या दोन हँडलना नुसती खोकली, तिसऱ्याला सुरू झाली. पुतण्यानं पुन्हा प्लगच्या वायरी एकेक काढून बघितल्या. चारही सिलिंडर बोलत होते. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. डोळ्याला पदर लावला, पण धूरही बराच होता, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

आता घरातल्या सगळ्यांना, पुण्याच्या आणि मुंबईच्या मंडळींना, आणि अमेरिकेतून हे वाचणाऱ्या भाच्यालाही, एक विनंती आहे. लग्नात सगळे जमाल, मांडवात काहीतरी सांडेल, कुणीतरी काहीतरी विसरेल. तेव्हा ते जुनं वाक्य कुणाच्या तोंडी येईल. ते तसं म्हणू नका. म्हणायचंच असेल तर 'मास्तरासारखं' म्हणा. कदाचित तो माणूस मांडवात बसलेला असेल. आणि नसला तरी.

गाडी अजून फार पळवायची नाही. नवीन पॅकिंग बसलं की काहीशे किलोमीटरनंतर हेडचे नट पुन्हा एकदा त्याच क्रमानं तपासून आवळायचे असतात. पुतण्यानं पुढच्या रविवारी सकाळी बोलावलंय. टॉर्च धरायला मी जाणार आहे.

असो.